लाइन गेल्यावर

टाकीत हात घालण्याआधी
तीनदा धुतो, राखेनं, कोपरापर्यंत.
साबण नाही. तांबं तर नाहीच नाही, माशांना बाधतं.
आणि दिवसभर मी तांबंच गुंडाळतो
जळालेल्या मोटारींच्या पोटात,
तीन एचपी, पाच एचपी,
नखांत वार्निशचा वास.

काउंटरच्या डाव्या हाताला, तीन फुटी.
तळाशी बोडीची काळी माती, दोन बोटं,
तिच्यावर चुलबंदची रेती, चाळलेली,
पाणी नितळ येईस्तोवर धुतलेली.
आधी झाडं. मासे नंतर.
महिनाभर नुसती हिरवळ पाहून
लाखांदूरचे गिऱ्हाईक विचारत,
"मासोऱ्या मेल्या का जी?"
मी म्हणायचो, यायच्या आहेत.

पावतीबुकाच्या पाठीवर सोयरीक जुळवली.
निळा, तीन ठिपक्यांचा: देखणा, पण अंगावर जाणारा. खोडला.
ओठ पुढे काढून चुंबणारा: फूटभर वाढतो. खोडला.
मधाच्या रंगाचे चार. लाजाळू. राहू दे.
ठेंगणा, लाल-निळ्या पट्ट्यांचा,
नर एकच,
सोबत दोन माद्या.
एकापुढे वर्तुळ काढलं, दोनदा गिरवलं.

नागपूरचा दुकानदार म्हणाला, मादीच आहे भाऊ, लिहून देतो.
लिहून दिलं नाही.
पिशव्या मांडीवर घेऊन एसटीत बसलो,
पवनीपर्यंत उभाच होतो, मग सीट मिळाली.

दहाव्या दिवशी त्या मादीला रंग चढला.
मग जे व्हायचं तेच.
एक काचेच्या कोपऱ्यात, शेपूट फाटलेली,
दुसरा मधोमध, पाटलासारखा.
खायला टाकलं की एकच जेवायचा.

दुर्पताबाई केवट मासे विकून परतताना
पंख्याखाली बसते, पाणी पिते.
तिला हे सगळं आधीपासून हसण्यासारखं.
"ना रस्स्यात, ना तेलात. कायले पोसता?"
त्या दिवशी मात्र काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं.
"एका मांडवात दोन नवरदेव. आडोसा द्या जी.
दिसलं नाई, त भांडण नाई."

दुसऱ्या दिवशी टोपलीभर आणून ओतलं:
बोडीतलं लांब पातीचं गवत,
वर तरंगणारं काहीबाही, मुळ्या लोंबणारं.
फरशीवर चिखल. माझी बायको काही बोलली नाही,
फडकं मात्र आपटलं.

त्या गवतात एक हललं.
बोटभर, मातकट, अंगावर तिरप्या पट्ट्या,
आणि पोटाखाली दोन मिशा, दोऱ्यासारख्या,
अगदी ह्यांच्यासारख्याच.
ह्यांना मी नागपूरहून तिकीट काढून आणलं होतं.
"हिला काय म्हणतात?"
"नाव कायचं जी, चिल्लर आहे ते. किलोत घालतो."

चिल्लर पंधरा दिवस बादलीत वेगळं ठेवलं.
मग सोडलं.
पाटील त्याच्याकडे एकदा आला,
मिशीनं चाचपलं,
आणि वळून गवतात गेला.
का, ते मला कळलं नाही. दुर्पताबाईलाही नाही.
फाटक्या शेपटीचा अजून कोपऱ्यातच असतो,
पण आता पातीआड, आणि जेवतो.

रात्री लाइन जाते. आठाला जाते, कधी साडेदहाला येते.
फिल्टर थांबतो. पहिल्या रात्री मी
टॉर्च घेऊन धावलो होतो,
आता सगळे गुदमरणार म्हणून.
हे गुदमरत नाहीत.
एकेक जण वर येतो,
पाण्याबाहेरच्या हवेचा घोट घेतो,
खाली जातो.
जास्तीची खोली असते म्हणे त्यांच्या डोक्यात, हवेची.

आणि पाणी हलत नाही म्हणून
तरंगत्या मुळ्यांखाली पाटलानं
फेसाचं घर बांधलंय, वाटीएवढं.
फिल्टर चालू असता तर एव्हाना फुटलं असतं.
लाइनमनला हे सांगून उपयोग नाही.

टॉर्च काचेपासून लांब धरून मोजतो.
मधाचे चार. ठेंगणे तीन. चिल्लर
कुठे आहे? ते काय, वर आलं,
घोट घेतला.

दारात ट्रॅक्टर थांबतो.
कोणीतरी ओरडतं, मोटार जळली गा.
थांब, म्हणतो.
हात ओले आहेत.